आजीच्या पोथीसाठी घेतलेला फ्लॅटबेड स्कॅनर, आठ महिने वापरल्यानंतर

आमची आजी ९७व्या वर्षी गेली. शेवटचे दोन महिने सोडले तर पहाटे उठून तिने पोथी उघडली नाही असा एक दिवस मला आठवत नाही. ती गेल्यावर दागिने, भांडी याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, पण पोथी मात्र सगळ्यांनाच हवी होती, आणि पोथी एकच. म्हणून फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर पान पालथं ठेवायचा, स्कॅनर घ्यायचं ठरलं. रिव्ह्यू स्कॅनरचाच आहे, पण आजीचं येणारच त्यात, कारण त्या मशीनची परीक्षा तिच्या पोथीनेच घेतली.

आधी मोबाइलने फोटो काढून बघितले. पान मधे फुगतं, आपल्याच हाताची सावली पडते, एक पान पिवळं येतं तर पुढचं निळसर. मग मैत्रिणीचा पातळ स्कॅनर आणला, यूएसबीवर चालणारा. सुटे कागद त्यावर छान येतात, पण त्यात सीआयएस नावाचा सेन्सर (पान टिपणारा भाग) असतो आणि त्याला वस्तू काचेला अगदी चिकटून लागते, जरा वर उचललेली राहिली की धूसर. जुन्या पोथीची शिवणीजवळची अक्षरं काचेपासून थोडी वर राहतातच आणि दाबावं तर शिवण उसवेल. म्हणून शेवटी सीसीडी या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरवाला घेतला. जाड आहे, जड आहे, जागा खातो, पण काचेपासून थोडं वर असलेलंही स्पष्ट घेतो. तुम्हाला बांधलेली पुस्तकं स्कॅन करायची असतील तर हाच घ्या, दुसरा विचारच करू नका.

आता खरी तक्रार. पहिल्या दिवशी वीस पानं केली, स्क्रीनवर बघितली तर एकदम पांढरीशुभ्र, नवी कोरी. आणि आजी कुठेच नाही! तिच्या पोथीत प्रत्येक पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्याचा तपकिरी ठसा आहे, पानं उलटून उलटून पडलेला, हात फिरवला तर कागद तिथे गुळगुळीत लागतो. एका अध्यायाची पानं तर बाकीच्यांपेक्षा जास्तच काळपट आहेत, कारण घरात कुणी आजारी पडलं की ती तोच अध्याय पुन्हा पुन्हा वाचायची. सॉफ्टवेअरने हे सगळं घाण समजून पुसून टाकलं होतं. ऑटो करेक्शन, डस्ट रिमूव्हल, बॅकग्राउंड साफ करणारा पर्याय, हे तिन्ही आधीपासून चालूच असतात आणि कुणी सांगतही नाही. ते सगळं बंद करा आणि मगच सुरुवात करा. एक स्टार मी फक्त यासाठी कापलाय.

सेटिंग बंद केल्यावर जे दिसलं त्यासाठी मात्र पैसे वसूल. पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर आजी पेन्सिलीने नोंदी करायची हे आम्हाला माहीत होतं, पण इतक्या पुसट झाल्यात की डोळ्यांना नीट लागत नव्हत्या. ६०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके, २४ बिट कलर, म्हणजे पूर्ण रंगीत (काळं-पांढरं दिसतंय म्हणून ग्रेस्केलवर करू नका, रंगात पेन्सिल आणि कागदाचा फरक जास्त कळतो) आणि पानामागे एक काळा कागद, म्हणजे पलीकडची छपाई उमटत नाही. मग झूम केलं आणि एकेक ओळ वर आली. कुणाचा जन्म, कुणाची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन, आणि ते सुखरूप पार पडलं की पुढे बरोबरची खूण. माझ्या नावापुढे लिहिलंय "ताप", मग तीन उभ्या रेघा, मग "उतरला". तीन रात्री. आई म्हणाली, तू तेव्हा दीड वर्षांची होतीस, आजी उशाशीच बसून होती. मला हे आयुष्यात कधी कुणी सांगितलं नव्हतं.

छापील मजकूर टाइप न करता मिळावा म्हणून टेसरॅक्ट हे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर वापरून बघितलं, फुकट आहे आणि मराठी येतं त्याला, स्वच्छ छपाईवर चांगलं चालतं. हाताच्या अक्षराला उपयोग नाही. त्यामुळे नोंदी आत्या वाचायची आणि मी टाइप करायचे, असे सहा रविवार गेले, आणि "लहानी" म्हणजे कोण, ही खूण मधेच का खोडली, असं विचारता विचारता आत्या जे बोलत गेली ते कुठल्याच पानावर नव्हतं. घरात भांडण झालं की आजी पोथी मिटून ठेवायची आणि म्हणायची, "आधी हे मिटवा, मग वाचते." आणि खरंच वाचायची नाही, संध्याकाळ झाली तरी. आजोबांपासून सगळे त्यालाच घाबरायचे.

फोटोंबद्दल थोडक्यात. ४ बाय ६ इंचाला ६०० डीपीआय पुरे, पासपोर्ट साइजच्या फोटोला १२०० ठेवा, कारण पुढे तो मोठा करून लावायचा असतो. मूळ फाइल टिफमधे (मोठी होते, पण तपशील जात नाही), नातेवाइकांना पाठवायला जेपेग (लहान फाइल). ४ बाय ६ ची टिफ साधारण २६ एमबी होते, तेव्हा आधी एक्स्टर्नल ड्राइव्ह घ्या आणि एक कॉपी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या कडेला चंदेरी झाक असते ती स्कॅनमधे निळसर येते, ती फोटोतलीच चांदी वर आलेली असते, पुसायला जाऊ नका. स्पीड विचाराल तर हळू आहे, पण जुनी पोथी हाताळताना घाई तशीही करता येत नाही.

शेवटची नोंद पणतीच्या जन्माची आहे. ते पान मी १२०० वर केलं. ओळ खाली घसरत गेलीये, नावाची दोनच अक्षरं लिहून झालीयेत आणि पुढे खूण नाही. परवा पणतीचा पहिला वाढदिवस झाला. त्या दिवशी आत्याने आजीच्याच पेन्सिलीने ती खूण केली आणि पोथी माझ्याकडे दिली. पान पुन्हा एकदा स्कॅन केलंय, दोन्ही फाइल ठेवल्यात.