मिलानमधील मुक्काम: अरमानी की बुल्गारी?

मिलानमध्ये नामांकित फॅशन आणि दागिन्यांच्या घराण्यांच्या हॉटेलांत राहायचे असेल, तर अरमानी आणि बुल्गारी ही दोन नावे आधी समोर येतात. दर दोन्हीकडे डोळे पांढरे करणारे आहेत, त्यामुळे निवड पैशांवर ठरत नाही.

२०११ मध्ये सुरू झालेले अरमानी हॉटेल व्हिया मान्झोनीवर, एन्रिको ग्रिफिनी यांनी १९३० च्या दशकात रचलेल्या भारदस्त इमारतीत आहे. मेट्रो दाराशी, व्हिया मोंतेनापोलिओनेची दुकाने दोन पावलांवर आणि खोल्यांत जॉर्जो अरमानी यांना प्रिय असलेले मातकट, संयत रंग. ही शिस्त काहींना मोहवते. मला ती थोडी कोरडी वाटते.

बुल्गारी २००४ पासून ब्रेरा भागात, एका खासगी गल्लीच्या टोकाला आहे. आंतोनियो चितेरिओ यांनी सजवलेल्या या वास्तूचे खरे वैभव म्हणजे वनस्पती उद्यानाला लागून असलेली सुमारे ४,००० चौरस मीटरची बाग, जिथे संध्याकाळच्या पेयपानाला शहरातील शौकीनही येतात. ब्रेराचे चित्रसंग्रहालयही जवळच असल्याने, खरेदी हाच मुख्य हेतू नसेल तर मी बुल्गारीच निवडेन. मात्र एप्रिलमधील फर्निचर मेळा आणि फेब्रुवारी आणि सप्टेंबरमधील फॅशन सप्ताह टाळावेत, कारण त्या दिवसांत दोन्हीकडचे दर आणखी चढतात.