श्वानउद्यान की टेकडी? पुण्यात कुत्र्याला मोकळे सोडायचे ठरवण्यापूर्वी

पुण्यात सदनिकेत कुत्रा पाळणाऱ्याला वर्षभरात केव्हातरी हा निर्णय घ्यावाच लागतो. सोसायटीभोवतीची पट्ट्यातली फेरी वाढत्या वयाच्या कुत्र्याला अपुरी पडू लागते, महापालिकेच्या बहुतेक उद्यानांत पाळीव कुत्र्यांना प्रवेश नसतो, आणि मग कुंपण घातलेले श्वानउद्यान किंवा घराजवळची टेकडी एवढेच पर्याय हाताशी उरतात. एखादा ओळखीचा मनुष्य एकाची शिफारस करतो, दुसरा दुसऱ्याची. दोघेही आपापल्या कुत्र्यापुरते बरोबर असतात, म्हणून त्यांचा सल्ला आपल्या कुत्र्याला लागू पडेलच असे नाही. कुत्र्याला दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात: बंधनाशिवाय धावणे आणि सावकाश हुंगत फिरणे. उद्यान पहिली गोष्ट चांगली देते, टेकडी दुसरी. ही वाटणी लक्षात ठेवली की पुढची तुलना सोपी जाते.

सार्वजनिक श्वानउद्यान ही कल्पना आपल्याकडे नवी आहे. हैदराबाद महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूर येथे असे उद्यान सुरू केले, तेव्हापासून इतर शहरांतही त्याची मागणी होऊ लागली. आपल्याकडे पिंपरी-चिंचवड महापालिकेचे श्वानउद्यान पिंपळे सौदागरला आहे. याशिवाय उपनगरांत काही खाजगी जागा आहेत, जिथे ठरावीक शुल्क भरून कुत्र्याला मोकळे सोडता येते. कोथरूड किंवा हडपसरहून निघणाऱ्याला प्रवासाचा वेळ प्रत्यक्ष खेळण्याच्या वेळेपेक्षा जास्त लागू शकतो, त्यामुळे ही रोजची सोय होणे कठीण. आठवड्यातून एखादी भेट एवढेच बहुतेकांना जमते.

उद्यानाची पहिली परीक्षा फाटकापाशी होते. चांगल्या जागी एकामागे एक अशी दोन फाटके असतात आणि पहिले बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, हा नियम पाळला जातो. भांडणांचा धोकाही याच कोपऱ्यात सर्वाधिक असतो. नवा कुत्रा आत शिरताना आतले सगळे कुत्रे धावत फाटकाशी येतात, त्याला घेरतात, आणि तो पट्ट्याला बांधलेला असल्यामुळे त्याला मागे सरता येत नाही. पट्टा ताणला की त्याची मान वर होते, छाती पुढे येते आणि समोरच्यांना तो आव्हान देतो आहे असे दिसते. म्हणून पट्टा दोन फाटकांच्या मधल्या जागेत काढावा, आत गेल्यावर तिथेच रेंगाळू नये आणि सरळ चालत उद्यानाच्या दुसऱ्या टोकाकडे जावे. कुत्रा आपल्यामागे येतो आणि घोळका आपोआप विरळ होतो. खाऊ आणि चेंडू गर्दीच्या वेळी खिशातच ठेवावेत, कारण एरवी शांत असलेले कुत्रेही या दोन गोष्टींवरून एकमेकांवर धावून जातात. माजावर आलेल्या कुत्रीला तर त्या काळात आणूच नये.

दुसरी बाब आरोग्याची आहे. कुत्र्यांना जीवघेण्या उलट्या-जुलाब घडवणारा पार्व्हो विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो. त्यामुळे जिथे रोज अनेक कुत्री येतात, तिथली जमीन लसीकरण अपूर्ण असलेल्या पिल्लासाठी धोक्याची असते. पिल्लाच्या लसींची मालिका साधारण सोळा आठवड्यांच्या सुमारास पूर्ण होते. शेवटच्या डोसानंतर आणखी दोन आठवडे थांबून पशुवैद्यांना विचारूनच त्याला उद्यानात न्यावे. ज्या ठिकाणी लसीकरणाचे कार्ड पाहिल्याशिवाय आत सोडत नाहीत, तिथल्या या अडवणुकीबद्दल कुरकुर करण्याऐवजी ती आपल्या कुत्र्याचे संरक्षण आहे असे समजावे. मोठ्या आणि लहान कुत्र्यांसाठी स्वतंत्र भाग नसेल, तर पाच-सहा किलोच्या कुत्र्याला तिथे नेण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण मोठ्या कुत्र्याचा खेळकर धक्कासुद्धा लहान कुत्र्याचा पाय मोडू शकतो.

आता टेकडीकडे वळू. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पाषाण आणि बाणेरच्या टेकड्या, तळजाई ही या शहराची श्रीमंती आहे, आणि कुत्र्याच्या दृष्टीने ती कोणत्याही उद्यानापेक्षा मोठी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या वेताळ टेकडीच्या पठारावर सकाळी वाऱ्याबरोबर मोर, मुंगूस, ससा, गुरे आणि आदल्या दिवशीची माणसे या सगळ्यांचे वास येत असतात. त्यांचा माग घेत अर्धा तास चाललेला कुत्रा घरी येऊन जसा शांत झोपतो, तसा तासभर चेंडूमागे धावूनही झोपत नाही. मात्र एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. परदेशांतल्याप्रमाणे पट्टा सोडून चालण्यासाठी राखीव अशी पायवाट या टेकड्यांवर नाही. त्यांचा मोठा भाग वनखात्याच्या ताब्यात आहे. तिथे पट्टा काढणे हा आपला हक्क आहे, असे अनेकांनी गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात प्रवेशद्वारावरची पाटी वाचली तर काही भागांत पाळीव प्राणी आणण्यालाच मनाई असल्याचे दिसेल. आपण ज्या वाटेने चढतो, तिथली पाटी आधी वाचावी आणि तिथे उभ्या असलेल्या वनरक्षकाला विचारावे.

कायद्यापेक्षाही मला जास्त महत्त्वाची वाटते ती टिटवी. मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान ती उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध, साधारण चार अंडी घालते. अंड्यांवरचे काळपट ठिपके आजूबाजूच्या मुरमात इतके मिसळून जातात की दोन पावलांवरूनही ती दिसत नाहीत. मोकळा कुत्रा त्या बाजूला वळला की टिटवी कर्कश ओरडत त्याच्या डोक्यावरून झेपावते, कुत्र्याला तो खेळ वाटतो आणि तो तिच्यामागे पळत सुटतो. अंडी पायाखाली चिरडली गेली नाहीत, तरी तेवढा वेळ ती उन्हात उघडी पडतात, आणि एका सकाळी असे पाच-सात कुत्रे येऊन गेले तर त्या घरट्यातून पिल्ले बाहेर पडण्याची आशा फारशी उरत नाही. चंडोल आणि तित्तर यांचेही तसेच आहे. मोर तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. ज्या पठारावर आपण या जिवांच्या ओढीनेच चढतो, तिथे आपल्या कुत्र्याने त्यांना उठवून लावावे, हे मला पटत नाही.

टेकडीवर माणसेही असतात. पहाटे काठी टेकत चढणारे आजोबा, शर्यतीचा सराव करणारी मुले, कुत्र्याने चावा घेतल्याची आठवण जन्मभर बाळगणारी एखादी बाई. त्यांच्या अंगावर धावून जाणाऱ्या कुत्र्यामागून "घाबरू नका हो, काही करत नाही तो" अशी हाक देणारे मालक आपण सर्वांनी पाहिले आहेत. ही हाक घाबरलेल्या माणसाच्या काही उपयोगाची नसते. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असताना पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

शिवाय टेकडीच्या पायथ्याशी आणि माणसे जिथे खाऊ घालतात अशा जागी भटक्या कुत्र्यांचे कळप असतात. ती जागा त्यांची असते. पट्टा सोडलेला पाळीव कुत्रा उत्सुकतेने त्यांच्यात शिरतो, आणि तीन-चार कुत्र्यांनी घेरल्यावर पळू लागला की पाठलाग सुरू होतो. पट्ट्यात असलेल्या कुत्र्याला आपण वेळीच वळवून, न धावता, लांबच्या बाजूने काढून नेऊ शकतो. शहराच्या कडेच्या टेकड्यांवर बिबट्याच्या वावराच्या बातम्याही येत असतात. अंधार असताना किंवा संधिप्रकाशात तिथे कुत्रा मोकळा सोडणे हे धाडस ठरेल.

ऋतूंचा हिशेब टेकडीवर काटेकोरपणे करावा लागतो, उद्यानात तो फारसा करावा लागत नाही. पावसाळ्यात जुन्या दगडखाणींत आणि डबक्यांत साचलेले पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये, कारण उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशा पाण्यातून होतो. पाऊस ओसरल्यावर गवत पिकते आणि कुसळांचा काळ येतो. कुसळाचे टोक सुईसारखे असते आणि मागे वळलेल्या बारीक केसांमुळे ते फक्त पुढेच सरकते. बोटांच्या बेचक्यात घुसलेले कुसळ दोन दिवसांत कातडीखाली जाते, तिथे गळू होते, आणि कानात गेले तर कुत्रा डोके एका बाजूला झुकवून झटकत राहतो. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात घरी येताच चारही पंजे बोटे फाकवून पाहावेत. त्याच वेळी कानांच्या मागे, काखेत आणि गळपट्ट्याखाली गोचीडही शोधावी. गोचिडीतून होणारा ताप पुण्यात नेहमी आढळतो. भूक मंदावणे, मरगळ आणि नाकातून रक्त येणे ही त्याची लक्षणे दिसल्यास रक्ततपासणी लगेच करून घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत काळा खडक सकाळी नऊलाच तापू लागतो. हाताची मागची बाजू त्यावर पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल, तर कुत्र्याच्या तळव्यांनाही ते सोसणार नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना त्या दिवसांत टेकडी चढायला लावूच नये.

मग कोणी काय निवडावे? माझा कल स्पष्ट आहे: पट्टा काढायचा तो कुंपणाच्या आत, आणि टेकडीवर जायचे ते हार्नेसला (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला) बांधलेल्या पाच ते दहा मीटर लांबीच्या दोरासह. अशा दोरावर कुत्र्याला हुंगायला, झुडपाला वळसा घालायला, मागे रेंगाळायला पुरेसे स्वातंत्र्य मिळते आणि टिटवी उठली तरी तो आपल्या हातात असतो. दोर गळपट्ट्याला मात्र बांधू नये, धावत्या कुत्र्याच्या मानेला झटका बसतो. तरुण लॅब्रॅडॉर किंवा इतर कुत्र्यांत रमणारा कोणताही कुत्रा असेल तर आठवड्यातून एकदा उद्यान आणि इतर दिवशी टेकडी, ही विभागणी उत्तम. बीगलसारख्या माग काढणाऱ्या जातीचा पट्टा टेकडीवर कधीच सोडू नये. वास लागला की त्याला हाक ऐकू येत नाही. रस्त्यावरून आणलेल्या बुजऱ्या देशी कुत्र्याला उद्यानातल्या गोंधळाने दडपण येते. त्याच्यासाठी उजाडल्यानंतरची, गर्दी नसलेली टेकडीची वाट अधिक चांगली, आणि अनोळखी कुत्र्यांशी मैत्री हे त्याच्या आयुष्याचे उद्दिष्ट मानण्याचे कारण नाही. म्हाताऱ्या किंवा सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला सपाट, सावलीचे उद्यान कमी गर्दीच्या वेळी बरे पडते.

कुत्रा बोलावल्यावर येतो की नाही, याची परीक्षा घरात घेऊ नये. सोसायटीच्या आवारात लांब दोर बांधून, समोर मांजर किंवा दुसरा कुत्रा असताना त्याला एकदाच हाक मारावी. दहापैकी नऊ वेळा तो लगेच वळून आला, तरच उद्यानाचा विचार करावा, कारण कुंपणाच्या आतही भांडण पेटण्याआधी त्याला बाजूला बोलावता आले पाहिजे. आणि उद्यान ठरवण्यापूर्वी एकदा कुत्र्याला घरी ठेवून, रविवारी संध्याकाळी तिथे जावे. कुंपणाबाहेर अर्धा तास उभे राहून मालकांचे लक्ष कुत्र्यांकडे आहे की फोनमध्ये, शी कोण उचलते, पाण्याचे भांडे किती स्वच्छ आहे आणि एखादा कुत्रा दुसऱ्याला दाबू लागला तर कोणी मध्ये पडते का, हे पाहावे. ही उत्तरे समाधानकारक असतील, तर पहिली भेट मधल्या वारी, गर्दी नसताना, पंधरा-वीस मिनिटांचीच ठेवावी.