काबूलमधलं गेस्ट हाउस आणि तिथले काका

डाळिंबाच्या शीतगृहाच्या कामासाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये बारा दिवस काबूलला होतो. मुक्काम शहर-ए-नौमधल्या एका छोट्या गेस्ट हाउसमध्ये. खोली साधी, गरम पाणी भरपूर, वीज गेली की लगेच जनरेटर. वायफाय संध्याकाळी जवळजवळ बंदच. पाचपैकी साडेचार देतोय ते स्वयंपाकघरासाठी.

खानसामांना सगळे काका म्हणतात. तिथल्या दरी भाषेतही काका म्हणजे काकाच. पेशावरला निर्वासित म्हणून वर्षं काढलेली, त्यामुळे उर्दू छान. त्यांचा काबुली पुलाव म्हणजे शीत न् शीत मोकळं, वर साखरेत परतलेले गाजराचे उभे काप नि मनुका, आणि मटण भाताखाली दडवलेलं. शाकाहाऱ्यांनी बोरानी बंजान मागावं. तळलेली वांगी, वर लसणीचं दही.

शनिवारी, २० तारखेला संसदेचं मतदान होतं, तेही तीन वर्षांहून अधिक रखडलेलं. गुरुवारीच कंदाहारचे पोलीसप्रमुख अब्दुल राझिक यांना गोळ्या घातलेल्या, म्हणून तिथलं मतदान आठवडाभर पुढे गेलं. गझनीत तर ठेवलंच नव्हतं. मतदानाला जाऊ नका, अशी तालिबानची धमकी. आम्हा पाहुण्यांना मालकांनी फाटकाबाहेर पडू दिलं नाही. काका मात्र साडेसहाला नान आणि वेलचीचा हिरवा चहा मांडून मत द्यायला निघाले.

परतले तीनला. सातला उघडायचं केंद्र साडेदहाला उघडलं. बोटांचे ठसे घेणारी नवी यंत्रं आणलेली, पण ती चालवता येणारं माणूस नाही. काबूलच्या ३३ जागांना आठशेच्या वर उमेदवार, मतपत्रिका पंधरा पानांची, वर्तमानपत्राएवढी. एकच चिन्ह कुणाला एकदा, कुणाला दोनदा, तर कुणाला तीनदा छापलेलं. काकांनी पानं उलटून उलटून आपला उमेदवार शोधला. माणसं जीव मुठीत धरून रांगेत उभी राहतात आणि त्यांच्यासाठी एक यंत्र वेळेवर सुरू होत नाही, याचा मला आजही संताप येतो.

संध्याकाळी शहराच्या उत्तरेकडच्या एका केंद्रावर आत्मघाती हल्ला झाल्याचं टीव्हीवर कळलं. काकांनी जेवण वेळेवर वाढलं. कुणी फारसं जेवलं नाही.

रात्री पाणी प्यायला गेलो तर काका मोरीत लिंबाच्या सालीनं बोट घासत होते. शुक्रवारी त्यांना गावी, वर्दकला जायचं होतं. वाटेत तालिबाननं गाडी अडवली तर आधी बोट बघतील, म्हणाले. शाई नखाच्या कडेला मुरलेली. मीही सालीनं घासून पाहिलं, हलली नाही. त्यांनी जाणं पुढे ढकललं.

मी निघालो तो २७ तारखेचा शनिवार, कंदाहारच्या मतदानाचा दिवस. काकांनी माझ्या पिशवीत दोन कंदाहारी डाळिंबं घातली. मी सांगोल्याचा, फळ आमच्या भगवा जातीच्या डाळिंबापेक्षा मोठं होतं. शाई तशीच होती.