‘हुशार मुलांचे गुपित’ सांगणारा चित्रपत्त्यांचा संच

सहा ते दहा वर्षांच्या मुलांची स्मरणशक्ती वाढवण्यासाठी काढलेला हा संच आम्ही दोन महिने घरी वापरला. प्राणी, फळे, कपडे व वाहने यांचे ४८ पत्ते आणि पालकांसाठी एक पुस्तिका एवढेच त्यात आहे. पत्ते जाड असून चित्रे सुबक आहेत. माझी तक्रार आहे ती खोक्यावरच्या दाव्याबद्दल, की लक्षात ठेवण्याच्या क्लृप्त्या हेच बुद्धिमान मुलांचे गुपित असून ते आता कोणालाही शिकता येईल.

माझी मुलगी नऊ वर्षांची असून तिचा बुद्ध्यांक १३० च्या वर आला आहे. मुलगा आठ वर्षांचा, अभ्यासात मध्यम. मिसळलेले १६ पत्ते दोन मिनिटे दाखवून झाकले, तेव्हा तिने १४ चित्रे सांगितली, पण घोडा, टोपी, आगगाडी, मांजर अशी कशीही. गट पाडण्याचे तिच्या मनातही आले नव्हते. तल्लख मुलांची आघाडी दरवेळी क्लृप्त्यांमुळे नसते, माहिती हाताळण्याचा वेग आणि आधीचा ज्ञानसाठा यांचाही त्या आघाडीत मोठा वाटा असतो, ही अभ्यासकांना ठाऊक असलेली गोष्ट पुस्तिकेत कुठेच नाही.

खरा लाभ झाला तो मुलाला. ओठांतल्या ओठांत पुटपुटून तो नऊवर अडकत असे. पत्ते गटवार लावायला शिकवताच तेरावर गेला. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम काही सुचवले नाही, तर स्वारी पुन्हा पुटपुटू लागली! मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६७ साली पहिलीच्या मुलांत हेच दिसले होते: उजळणी न करणाऱ्यांना ती करायला लावल्यावर त्यांची कामगिरी सुधारली, पण मोकळीक मिळताच अनेकांनी ती सोडली. क्लृप्ती का आणि केव्हा वापरायची, हे मुलाला पटवून देण्यासाठी पुस्तिकेने जेमतेम चार ओळी खर्च केल्या आहेत. आम्ही मग प्रत्येक डावाआधी ‘हे कसं लक्षात ठेवशील?’ एवढेच विचारू लागलो, आणि त्याचा पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोग झाला.

पुस्तिकेतला सर्वांत अवघड डाव २४ पत्त्यांचा आहे. आम्ही एकदा ३२ मांडले, तेव्हा मुलगी प्रथमच गडबडली, सतरावर थांबली, आणि दुसऱ्या डावात कोणी न सांगता पत्ते सरकवून प्राणी एका कोपऱ्यात गोळा करू लागली.