जुन्या गाडीच्या रिव्हर्स लाइटसाठी एलईडी बल्ब: कोणता चालतो, कोणता नाही

रिव्हर्स लाइट अंधुक झाला की बहुतेक जण थेट एलईडी बल्बची जोडी मागवतात. फरक पडतो, पण हवा तेवढा नाही. काही गाड्यांत तर आधीच्या साध्या बल्बपेक्षाही मागचा उजेड कमी होतो. इथे परीक्षण आहे ते १२ व्होल्टच्या जुन्या गाड्यांत सर्रास आढळणाऱ्या पी२१डब्ल्यू (२१ वॅटच्या, एका फिलामेंटच्या) बल्बच्या जागी बसणाऱ्या एलईडींचं. पण तुलना कशाशी करायची हे आधी ठरवायला हवं. गंजलेल्या होल्डरमध्ये दहा-अकरा व्होल्टवर धुगधुगणाऱ्या, काच काळी पडलेल्या बल्बशी केली, तर कुठलाही एलईडी सरसच ठरेल.

चांगला पी२१डब्ल्यू बल्ब साडेतेरा व्होल्टवर ४६० ल्युमेन (उजेडाचं माप) देतो. फिलामेंटचा, म्हणजे बल्बमधल्या तापून उजळणाऱ्या तारेचा, उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे वाटेत एक व्होल्ट हरवला तर जवळपास पाव उजेड जातो आणि दोन हरवले तर चाळीस टक्क्यांहून जास्त. नव्या गाडीत जो लाइट पुरेसा वाटायचा तोच पंधरा-वीस वर्षांनी निरुपयोगी का वाटतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. म्हणून पहिला खर्च बल्बवर नको, तपासणीवर हवा.

तपासणी बल्ब पेटलेला असताना करायची. बल्ब काढून रिकाम्या होल्डरमध्ये मल्टिमीटर लावला, तर वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि आपली फसगत होते. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाला अडण, इग्निशन चालू आणि गिअर रिव्हर्समध्ये. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा, मग होल्डरच्या मागून मधला संपर्क आणि बाहेरची नळी यांच्यात. अर्ध्या व्होल्टपर्यंतचा फरक जुन्या वायरिंगला माफ आहे, एक व्होल्टच्या वर गेला तर शोध घ्यायलाच हवा. त्यानंतर एक टोक होल्डरच्या नळीवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर दोष अर्थिंगचा, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेचा.

अर्थिंगच्या दोषाची एक खूण मीटरशिवायही कळते. इंडिकेटर किंवा ब्रेक लावला की त्याच टेललाइटमधला रिव्हर्सचा बल्ब मंद लुकलुकतो. करंटला बॉडीकडे जायची वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या फिलामेंटमधून उलटा फिरतो. टेललाइटच्या जुडग्याची काळी किंवा तपकिरी वायर बॉडीला जिथे स्क्रूने आवळलेली असते तिथला लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) काढा, खालचा रंग आणि गंज चकाकी येईपर्यंत घासा, लग नवा दाबून घ्या आणि आवळल्यावर वरून ग्रीस लावा.

होल्डरकडे तर थांबून पाहावं. आतल्या पितळी पट्टीवर हिरवट थर, तळाच्या स्प्रिंगचा दाब गेलेला, आणि बल्बच्या बुडाशी असलेल्या सोल्डरच्या टिकलीत खड्डा पडलेला: हे तिन्ही सहसा एकत्रच सापडतं. खड्डा पडला की संपर्क एका बिंदूवर येतो, तिथे ठिणगी उडते, उष्णता वाढते आणि स्प्रिंग आणखी मऊ पडते. नळीच्या आतून ४०० नंबरचा पॉलिश पेपर काडीला गुंडाळून फिरवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, मग डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. स्प्रिंग दाबल्यावर जोमाने परत येत नसेल किंवा खालची चकती करपली असेल, तर साफसफाईत वेळ घालवू नका. होल्डर वायरच्या शेपटासकट बदला. वायर जोडताना पिळून टेप गुंडाळू नका, सोल्डर किंवा क्रिंप करून वर श्रिंक स्लीव्ह चढवा. मागचा दरवाजा वर उघडणाऱ्या गाड्यांत बिजागराजवळच्या रबरी नळीतली वायर आतून तुटते आणि बाहेरून अखंड दिसते. दार उघडं-बंद करताना लाइट जात-येत असेल, तर आधी तिथेच बघा.

दोन्ही लाइट एकदम गेले असतील तर फ्यूज, आणि फ्यूज ठीक असेल तर गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच. त्याच्या दोन वायरी काढून एकमेकींना टेकवल्या आणि लाइट लागले, की स्विच बाद. नवा बसवताना वॉशर नवाच घ्या, जुन्यातून गिअर ऑइल पाझरतं. कित्येक गाड्यांत स्विच काढला की तेल बाहेर येतं, म्हणून खाली भांडं ठेवून काम करावं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये हेच काम सिलेक्टरजवळच्या इनहिबिटर स्विचकडे असतं, आणि तो बदलल्यावर त्याची जागा नीट जुळवावी लागते.

आता बल्ब. मागवण्याआधी जुन्याच्या बुडावरच्या बाजूच्या खिळ्या पाहा. पी२१डब्ल्यूच्या दोन्ही खिळ्या समोरासमोर आणि एकाच उंचीवर असतात, बुडाला एकच टिकली असते. नारिंगी पीवाय२१डब्ल्यूच्या खिळ्या समोरासमोर नसतात, आणि दोन फिलामेंटच्या पी२१/५डब्ल्यूच्या वर-खाली असतात. पी२१/५डब्ल्यू पी२१डब्ल्यूच्या होल्डरमध्ये जोर लावून कोंबता येतो. पण त्याच्या बुडाच्या दोन टिकल्या एका संपर्कावर नीट बसत नाहीत, आणि बल्बबरोबर होल्डरही जातो. डब्ल्यू१६डब्ल्यू हा काचेच्या चपट्या बुडाचा बल्ब मुळातच ३१० ल्युमेनचा असतो. तिथे चांगल्या एलईडीने पडणारा फरक जास्त जाणवतो.

बाजारातला सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे प्लास्टिकच्या खांबाभोवती चौकोनी पिवळ्या चिप चिकटवलेला बल्ब. तो दोन-तीन वॅटच्या आसपास खातो आणि उजेडही तेवढाच देतो. तो अजिबात घेऊ नये. पांढरा रंग डोळ्याला जास्त तेजस्वी वाटतो, पण मागची भिंत तितकी उजळत नाही. दुसरा प्रकार टोकाला भिंग आणि पुढच्या बाजूलाच चिप असलेला. हातात धरून पेटवला की डोळे दिपतात, आणि तिथेच माणूस फसतो. जुन्या दिव्यातला उजेड बल्बच्या कडेने निघून दिव्याच्या आतल्या आरशावर (रिफ्लेक्टरवर) आदळतो आणि तिथून पसरतो. पुढेच पाहणारा एलईडी आरशाला काहीच देत नाही. लेन्सच्या मध्यभागी एक प्रखर ठिपका दिसतो, बाजू अंधारात राहतात, आणि रिव्हर्स घेताना बाजू दिसणं तर सगळ्यात गरजेचं.

घेण्यासारखा प्रकार तिसरा: ॲल्युमिनियमचं अंग, चारही बाजूंना चिप, आणि त्या चिप जुन्या फिलामेंटच्या उंचीवर. पी२१डब्ल्यूचं फिलामेंट बुडाच्या ठरावीक पातळीपासून ३१.८ मिलिमीटरवर असतं. एलईडी आणि जुना बल्ब शेजारी धरून खिळ्या जुळवल्या की चिप त्या उंचीच्या किती जवळ आहेत ते डोळ्यांनीच कळतं. पाच-सात मिलिमीटर पुढे असतील, तर पसारा बिघडलाच समजा.

खोक्यावरच्या ल्युमेनवर विश्वास ठेवू नका, करंट मोजा. साडेतेरा व्होल्टवर ०.४ अँपिअर म्हणजे ५.४ वॅट. या आकाराच्या बल्बमध्ये वॅटला शंभर ल्युमेन मिळाले तरी उत्तम, म्हणजे साडेपाचशेच्या आत. अशा बल्बवर २००० ल्युमेन छापलेलं असेल तर ते खोटं. दुसरी चाचणी उष्णतेची: बल्ब पेटवून पाच मिनिटं ठेवा आणि करंट पुन्हा पाहा. थोडा उतरला तर सर्किट स्वतःला सांभाळतंय, आणि ते ठीकच आहे, कारण रिव्हर्स सहसा मिनिटभरापेक्षा जास्त चालत नाही. निम्म्यावर आला, तर अंगाला उष्णता बाहेर टाकता येत नाही. तो परत करा.

‘कॅनबस’ लिहिलेल्या बल्बमध्ये अनेकदा जादा रेझिस्टर असतो, गाडीच्या संगणकाला बल्ब शाबूत वाटावा म्हणून. ज्या जुन्या गाडीत बल्बवर लक्ष ठेवणारी यंत्रणाच नाही, तिथे त्याचा काही उपयोग नाही, नुसता होल्डर तापतो. साधाच घ्या. रंग ४००० ते ५००० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगछटेचं माप) मिळाला तर उत्तम. निळसर छटेचा उजेड ओल्या डांबरावर फार उपयोगी पडत नाही.

जुन्या गाडीत एलईडीचा खरा लाभ वेगळाच आहे. दोन फिलामेंट मिळून साडेतीन-चार अँपिअर ओढतात आणि बऱ्याच गाड्यांत ते सगळे त्या बारक्या रिव्हर्स स्विचमधून जातात. एलईडीने तो भार एका अँपिअरच्या आसपास येतो, स्विचचे संपर्क जळत नाहीत आणि प्लास्टिकची लेन्स तापून तडकत नाही. हॅलोजनचा जास्त वॅटचा बल्ब घालण्याचा सल्ला म्हणूनच चुकीचा: ३५ वॅटला लेन्स वितळते, आरशाचा मुलामा उडतो.

बसवल्यावर पेटला नाही तर अर्धा फेरा फिरवून उपयोग नाही, कारण खिळ्यांच्या बल्बचे ध्रुव ठरलेले असतात. चपट्या बुडाचा मात्र उलटा घालून पाहावा. पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या, फार जुन्या गाडीत साधा एलईडी पेटतच नाही, तिथे दोन्ही ध्रुवांवर चालणारा मागवावा. अनेक देशांत फिलामेंटसाठी मान्य झालेल्या दिव्यात एलईडी घालायला परवानगी नाही. नियम आधी पाहा.

आणि आरशाचा मुलामाच उडाला असेल, तर कुठल्याही बल्बवर पैसे घालू नका. टेललाइट बदला किंवा बंपरखाली वेगळा रिव्हर्स लाइट लावा. बल्ब एलईडी केल्यावर जुन्या सर्किटमध्ये दोनेक अँपिअर मोकळे राहतात, त्यामुळे दहा वॅटचा एक दिवा रिलेशिवायही (रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालतो. त्याहून मोठ्याला चार टोकांचा रिले हवा: ३० नंबरच्या टोकाला बॅटरीपासून वीसेक सेंटिमीटरच्या आत फ्यूज घालून आणलेली दीड चौरस मिलिमीटरची वायर, ८७ वरून दिव्याला, ८५ बॉडीला आणि ८६ ला जुन्या रिव्हर्स बल्बची वायर. रिलेत डायोड असेल तर ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही, फ्यूज उडतो. ३६ वॅटच्या दिव्याला तीन अँपिअर लागतात, त्यामुळे पाचचा फ्यूज पुरतो. डॅशबोर्डवर वेगळं बटण नको: हा दिवा रिव्हर्स गिअरबरोबरच लागला आणि विझला पाहिजे. तोंड खाली कललेलं ठेवा आणि मागून येणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर उभं राहून एकदा स्वतः पाहून घ्या.