एफटीपीवरून फाइल्स डाउनलोड करायच्या: एफटीपीलिब, यूआरएललिब की डब्ल्यूगेट?

पायथनच्या स्क्रिप्टने एफटीपीवरून, म्हणजे संगणकांमध्ये फाइल्सची ने-आण करायच्या जुन्या पद्धतीने, फाइल्स उतरवायच्या असतील तर लायब्ररी निवडण्याआधी एक तपासून घ्या: तोच सर्व्हर एचटीटीपीएसवरूनही फाइल्स देतो का? अमेरिकेतल्या एनसीबीआय या जैवमाहितीच्या सरकारी केंद्राचं जीनोमचं भांडार वर्षानुवर्षं एफटीपीचं म्हणून ओळखलं जातं, पण त्याच पत्त्यावर एचटीटीपीएसही चालतं. तशी सोय असेल तर रिक्वेस्ट्स ही पायथनची लायब्ररी वापरा आणि मोकळे व्हा. नसेल तर रिक्वेस्ट्सचा नाद सोडा, तिला एफटीपी येतच नाही. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनीही २०२१ मध्ये एफटीपीला निरोप दिला. १९७१ साली आयआयटी कानपूरमधून शिकलेल्या अभय भूषण यांनी लिहिलेला हा प्रोटोकॉल तरीही जुन्या यंत्रणांमध्ये ठाण मांडून आहे, आणि तिथे पर्याय तीन उरतात.

पत्ता ठरलेला आणि फाइल एकच असेल तर पायथनची यूआरएललिब. तिच्या यूआरएलओपन फंक्शनला एफटीपीचा पत्ता द्यायचा, शटिल मॉड्यूलच्या कॉपीफाइलऑबने डिस्कवर लिहायचं, चार ओळींत काम संपतं. मात्र डाउनलोड मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून.

कोणती फाइल घ्यायची आणि कोणती सोडायची हे स्क्रिप्टनेच ठरवायचं असेल, तर एफटीपीलिबला तोड नाही. ती पायथनबरोबरच येते, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. एमएलएसडी या आदेशाने यादी घेतली की नाव, आकार, बदलाची वेळ असं सगळं सुटसुटीत मिळतं. जुन्या सर्व्हरला एमएलएसडी कळत नाही. तिथे एनएलएसटी या आदेशाने नुसती नावं घ्यावी लागतात. आकार विचारण्याआधी ‘टाइप आय’ (बायनरी मोडचा आदेश) पाठवा, नाहीतर बरेच सर्व्हर ५५० हा नकाराचा कोड देऊन हात वर करतात. अर्धवट फाइल पुढे न्यायची असेल तर ती अपेंड मोडमध्ये, म्हणजे शेवटी भर घालण्यासाठी, उघडा आणि तिचा सध्याचा आकार डाउनलोड करणाऱ्या रेट्रबायनरी फंक्शनच्या ‘रेस्ट’मध्ये द्या.

खरी डोकेदुखी मोठ्या फाइल्सची. एफटीपीत आदेश एका कनेक्शनवरून जातात आणि डेटा दुसऱ्यावरून. डेटा तासभर वाहत असताना आदेशाचं कनेक्शन गप्प असतं, आणि मधला राउटर ते मेलं समजून तोडतो. फाइल पूर्ण उतरते, पण ‘काम झालं’ सांगणारा सर्व्हरचा २२६ हा कोड काही येत नाही आणि स्क्रिप्ट त्याची वाट बघत बसते. टाइमआउट (वाट बघण्याची मर्यादा) दिला नसेल तर सकाळपर्यंत! म्हणून टाइमआउट द्याच. तो लागला की फाइलचा आकार सर्व्हरवरच्या आकाराशी ताडून बघा. जुळला तर नवं कनेक्शन उघडून पुढच्या फाइलकडे वळा.

अख्खा फोल्डर जसाच्या तसा हवा असेल तर मात्र हे सगळं हाताने लिहिणं, माझ्या मते, हौसेचं काम आहे. पायथनच्या सबप्रोसेस मॉड्यूलमधून डब्ल्यूगेट हा कमांड लाइनचा प्रोग्राम चालवा. पुन्हा प्रयत्न करणं, तुटलेलं पुढे नेणं, न बदललेली फाइल वगळणं हे सगळं त्याला येतं. सर्व्हरवरून काढलेल्या फाइल्स आपल्याकडूनही जायला हव्या असतील तर एलएफटीपी या तशाच दुसऱ्या प्रोग्रामचं मिरर घ्या, ते एका वेळी अनेक फाइल्सही ओढतं. तोटा एवढाच की स्क्रिप्ट जिथे चालणार त्या प्रत्येक मशीनवर ही साधनं असायला हवीत. विंडोजवर ती आयती मिळत नाहीत.

समोरच्याने ‘सुरक्षित एफटीपी’ म्हटलं तर आधी पोर्ट विचारा. २२ म्हणजे बहुधा एसएफटीपी, एसएसएच या सुरक्षित कनेक्शनवरून चालणारी. ती वेगळीच गोष्ट, तिथे पॅरामिको ही लायब्ररी लागते. २१ वर टीएलएस (कनेक्शन झाकणारं एन्क्रिप्शन) असेल तर एफटीपीलिबचाच एफटीपी_टीएलएस क्लास चालतो, पण लॉगिननंतर डेटाही झाकणारं प्रॉट_पी म्हणायला विसरलात तर पासवर्ड झाकलेला आणि फाइल उघडी अशी गत होते. काही सर्व्हर डेटासाठीही तेच टीएलएस सेशन मागतात, आणि तिथे हा क्लास अडतो. अशा वेळी त्याच्याशी झुंजत बसू नका, एलएफटीपी लावा.