बॅकहोच्या जॅकचा वाकलेला रॉड: "नवा टाकला" म्हणून पैसे घेतले आणि जुनाच सरळ करून दिला

ट्रॅक्टरला बॅकहो लावून खोदकाम करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. थोडं लांब होईल पण पूर्ण वाचा, कारण मला ज्या पद्धतीने फसवलं ती बाहेरून बघून कळतच नाही, जॅक एकदा बंद करून रंग मारून हातात दिला की आत काय भरलंय हे उघडल्याशिवाय कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

आमच्या मशीनच्या बकेटच्या जॅकचा, म्हणजे बकेट हलवणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरचा, रॉड वाकला. बकेट पूर्ण आत वळवलेली होती म्हणजे रॉड पूर्ण बाहेर, आणि तशातच बूम (मशीनचा मोठा हात) बाजूला फिरवताना रॉड खडकाच्या कडेवर जोरात बसला. बघायला फार नव्हता, मधे जरासं पोट आल्यासारखं दिसायचं एवढंच, पण आत जाताना ग्लँडपाशी, म्हणजे जॅकच्या ज्या तोंडातून रॉड आतबाहेर होतो तिथे, अडायचा आणि एकाच बाजूने तेल यायचं. अशा अवस्थेत मशीन चालवत राहिलं की वाकलेला रॉड ग्लँडच्या बुशला (रॉडला आधार देणाऱ्या कडीला) एका अंगाने खातो, सीलचा ओठ फाडतो, आणि आतला पिस्टन तिरका होऊन बॅरलला, म्हणजे जॅकच्या नळीला, आतून ओरखडे पाडतो, मग जे काम रॉड बदलून भागलं असतं त्यात बॅरलही जातं. म्हणून काम तिथेच थांबवलं, बकेट जमिनीला टेकवली, लिव्हर हलवून प्रेशर सोडलं, जॅक उतरवला आणि हायड्रॉलिकचंच काम करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन दिला.

तिथल्या मालकाने रॉड हातात घेऊन प्रकाशात तिरका धरून बघितला आणि म्हणाला, "भाऊ, हा सरळ करून चालणार नाही. क्रोम तडकलंय. सरळ केला तरी पुन्हा वाकणार. नवाच टाकू, हार्ड क्रोमचा बार आहे आपल्याकडे, इंडक्शन हार्डनिंग केलेला." आणि हे बघा, तो बोलला ते शब्दन् शब्द खरं होतं. राग मला याचाच जास्त येतो. माणसाला काम पूर्ण कळतंय, सरळ केलेला रॉड का चालत नाही हे तो स्वतःच्या तोंडाने सांगतोय, आणि त्यानंतर तेच करून देतोय.

का चालत नाही ते आधी सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. या जॅकवर ताकद किती येते बघा, ८० एमएम बोअरचा (आतल्या व्यासाचा) जॅक २०० बार प्रेशरवर साधारण १० टनांनी ढकलतो, आणि ही सगळी ताकद त्या रॉडवरून जाते. रॉड जितका जास्त बाहेर तितका तो वाकायला सोपा, मोकळी लांबी दुप्पट झाली तर वाकायला लागणारी ताकद चौथा हिस्सा होते. म्हणून रॉड अगदी सरळच असावा लागतो. जो आधीच थोडा वाकडा आहे त्याच्यावर सरळ दाब येतच नाही, प्रत्येक वेळी जोर त्या पोटावरच पडतो. दुसरं म्हणजे चांगल्या रॉडचं पोलाद ईएन ८ किंवा त्याच्या बरोबरीचं, ०.४ टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेलं, त्याचा वरचा थर इंडक्शनने (विजेने तापवून) कडक केलेला आणि त्याच्यावर साधारण २० ते २५ मायक्रॉन हार्ड क्रोम. क्रोम खूप कडक असतं पण ताणलं जात नाही, त्यामुळे रॉड वाकला की बाहेरच्या अंगाला क्रोमला आडव्या चिरा पडतात, आणि प्रेसखाली उलटा दाबला की आतल्या अंगाला पण पडतात. त्या चिरांतून पाणी आत जातं, खालून गंज धरतो आणि क्रोमचे पापुद्रे निघतात. काही जण तापवून सरळ करतात, ते तर आणखी वाईट, कारण आगीने वरच्या थराचा कडकपणाच उतरतो.

तर असो. जॅक परत मिळाला तेव्हा तो पूर्ण जोडलेला, नवा काळा रंग मारलेला, रॉड आरशासारखा चकचकीत. जुना रॉड मागितला तर "तो भंगारात गेला, परवाच गाडी आली होती" असं उत्तर. बिलावर काय लिहिलं होतं तर "सिलिंडर रिपेअर, रॉडसह". रॉड नवा, कुठल्या मटेरियलचा, किती व्यासाचा, हार्डनिंग आहे का नाही, काही नाही. पैसे मात्र नव्या रॉडचे, लेथच्या कामाचे, वेल्डिंगचे आणि पूर्ण सील किटचे.

मशीनला बसवला, काम सुरू केलं, सुरुवातीला काहीच जाणवलं नाही. मग रॉडवर तेलाची ओल दिसायला लागली, मग ग्लँडमधून थेंब, मग बकेट धरून ठेवली तर हळूहळू सुटायला लागली. (मधेच एक सांगतो, कुठलीही गळती शोधताना हात फिरवू नका. प्रेशरच्या तेलाची बारीक चिळकांडी चामडीतून आत जाते, वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं आणि आत हात सडायला लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा, आणि असं काही झालंच तर दुखत नाही म्हणून थांबू नका, तडक हॉस्पिटल गाठा.) वर्कशॉपला फोन केला तर म्हणे सील बसायला वेळ लागतो, चालवत राहा. रॉड सील असं चालवून बसत नाही, ते पहिल्या दिवसापासून कोरडं राहायला पाहिजे, रॉडवर फारतर तेलाचा पुसटसा हात.

मग तो जॅक दुसरीकडे नेला. जुने टर्नर आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. काकांनी जॅक उघडायच्या आधी रॉडची आय बघितली, म्हणजे ज्या डोळ्यात पिन जाते तो भाग, आणि पॉलिश पेपर घेऊन आय आणि रॉड जिथे जोडलेत तिथला रंग खरवडला. वरचा काळा रंग निघाला, त्याच्याखाली कंपनीचा मूळ रंग निघाला. जोडाच्या खाचेत अगदी खोलवर बसलेला, ग्रीसने काळपट झालेला. काकांनी फक्त एवढंच विचारलं, "रॉड नवा टाकला म्हणतोस, मग आय कापली कुठे?"

सगळी चोरी तिथेच उघडी पडली. आमच्या जॅकची आय रॉडला कंपनीतूनच वेल्ड केलेली आहे. नवा रॉड टाकायचा म्हणजे जुन्या रॉडवरून आय कापून काढायची आणि नव्या रॉडला वेल्ड करायची, दुसरा मार्ग नाही, किंवा मग आय पण नवी पाहिजे. दोन्ही वेळेला जोडावर ताजं वेल्डिंग दिसायलाच पाहिजे. तिथे जर कंपनीचाच रंग आणि कंपनीचाच वेल्ड असेल तर त्या आयला लावलेला रॉडही कंपनीचाच, म्हणजे तोच, जो भंगाराच्या गाडीत गेला म्हणून सांगितलं होतं.

जॅक उघडला. रॉड दोन व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल, म्हणजे वाक मोजायचं काट्याचं गेज, लावला आणि हळूहळू फिरवला, काटा सरळ एका बाजूला जाऊन परत येईना, मधे एकीकडे आणि थोडं पुढे सरकवलं की उलटीकडे, म्हणजे प्रेसखाली तीन-चार ठिकाणी दाबून दाबून सरळ केलाय आणि एका मोठ्या वाकाचे दोन-तीन छोटे वाक करून ठेवलेत. डोळ्याला सरळ दिसतो, सीलला नाही. मायक्रोमीटर लावला तर ५० एमएमच्या रॉडला ४९.९५० ते ४९.९७५ च्या आत माप यायला पाहिजे, टोकाकडे ते येत होतं, आणि मधे जिथे पोट होतं तिथे चांगलाच बारीक, कारण तडकलेलं क्रोम घासून काढलं आणि वरून पातळसा मुलामा दिला. मग काकांनी चिरा शोधायचा लाल डाय मारला, पुसला, पांढरा डेव्हलपर फवारला आणि थोडं थांबलो. पांढऱ्यावर केसासारख्या लाल रेघा उमटत गेल्या, सगळ्या आडव्या, सगळ्या त्याच पट्ट्यात. हार्ड क्रोमला सूक्ष्म जाळीदार चिरा मुळातच असतात, पण त्या अशा एका पट्ट्यात, एकाच दिशेला नसतात.

आणि अजून एक. पिस्टन काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवला तर तेलात चकचकीत कण, क्रोमचे. हे रॉडपेक्षा मोठं नुकसान आहे बरं का. ते कण तेलाबरोबर व्हॉल्व्हमध्ये जातात, टाकीत जातात, तिथून पंपात जाऊ शकतात, आणि एका जॅकच्या चोरीपायी अख्खी हायड्रॉलिक सिस्टीम खराब होऊ शकते. आम्हाला फिल्टर बदलावा लागला, टाकी रिकामी करून तेल बदलावं लागलं, त्या जॅकचे दोन्ही होस पाईप धुवून काढले. सील किट म्हणाल तर फक्त बाहेरचा वायपर (रॉडवरची धूळ पुसणारं सील) नवा होता, जो बाहेरून दिसतो तेवढाच. आतलं रॉड सील आणि पिस्टनचे सील जुनेच, कडक पडलेले. ग्लँडचं बुश एका बाजूने खाल्लेलं तसंच ठेवलेलं.

रॉड आणि फोटो घेऊन त्या मालकाकडे गेलो. आधी म्हणाला आमचा रॉडच नाही हा, तुम्ही बाहेर बदलला. आयच्या जोडावर त्याचाच काळा रंग दाखवला तेव्हा म्हणाला कारागिराने केलं असेल, मला माहीत नाही. मग म्हणाला गॅरंटी सील किटची असते, रॉडची नसते. पैसे परत द्यायला अजून तयार नाही आणि बिलावर "नवा रॉड" हे दोन शब्द नसल्यामुळे तो मोकळेपणाने बोलू शकतो, तसं बिल त्याने मुद्दामच केलेलं होतं हे आता स्पष्ट आहे.

सरळ करणं हाच गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. हार्डनिंग नसलेला साधा रॉड, अगदी किरकोळ वाक, क्रोम शाबूत, आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून सरळ केला, त्याचेच पैसे घेतले, तर अडलेल्या वेळेला हंगाम निभावून जातो, ते मान्य. पण सरळ करून नव्याचे पैसे घेणं ही सरळ सरळ चोरी आहे, आणि बूमच्या जॅकमध्ये केली तर कुणाच्या जिवावर बेतू शकते.

खरं काम कसं होतं ते काकांकडे उभं राहून बघितलं. आय जुन्या रॉडवरून लेथवर कापली. नवा हार्ड क्रोम बार आणला त्याच्या टोकावर आधी कानस चालवून दाखवली, घसरते, काचेवर फिरवल्यासारखी, दात धरत नाही. बाराचा जो तुकडा उरला त्याचं कापलेलं तोंड घासून त्यावर ॲसिडचा बोळा फिरवला तर कडेला वेगळ्या छटेची गोल कडा उमटली, तो हार्डनिंगचा थर, मऊ एमएस (साध्या लोखंडाच्या) बारला क्रोम मारलेलं असेल तर ही कडा दिसत नाही. वेल्डिंगच्या आधी त्या टोकाचं क्रोम पूर्ण उतरवलं, कारण क्रोमवर वेल्ड केलं की जोड कच्चा राहतो आणि त्याचा धूर विषारी असतो. दोन्ही भाग आधी तापवले, भट्टीत कोरडे केलेले ७०१८ नंबरचे वेल्डिंग रॉड वापरले, आणि नंतर पाणी न मारता झाकून सावकाश थंड होऊ दिलं, घाई केली तर या पोलादाला वेल्डच्या कडेला तडा जातो. बंद जॅकची पिन ते पिन लांबी जुन्या मापाशी जुळवली. बॅरल होन केला (आतून घासून गुळगुळीत केला), नवं बुश, सगळे सील नवे. आणि बसवायच्या आधी उघडा रॉड मला फिरवून दाखवला, डायल लावून.

तुमचा जॅक द्यायची वेळ आली तर देतानाच आयवर आणि रॉडच्या पिस्टनकडच्या टोकावर पंचने खूण करा आणि फोटो काढून ठेवा. बिलावर रॉडचं मटेरियल, व्यास, हार्डनिंग आणि "नवा" हा शब्द लिहून घ्या, जो लिहायला नाही म्हणतो त्याच्याकडून जॅक उचलून आणा. जोडायच्या आधी बोलवा म्हणून सांगा, आणि रंग नको म्हणून सांगा, रंग तुमचा तुम्ही मारा. जुना रॉड तुमचा माल आहे, तो आय कापलेल्या अवस्थेत परत मिळालाच पाहिजे, तो हातात असेल तर बाकी कुठलीच थाप चालत नाही.

आणि ज्यांचा जॅक आत्ता या घडीला कुठे दुरुस्तीला पडलाय त्यांनी आजच फोन करा आणि सांगा, जुना रॉड भंगारात टाकू नका, मी न्यायला येतोय.